ग्राफिक्स कार्ड कधी घ्यावं: पितृपक्षातल्या एका खरेदीचं प्रकरण

हे प्रकरण एनव्हिडिया कंपनीच्या एका आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्डाचं आहे. सप्टेंबर 2022 मध्ये, ऐन पितृपक्षात, पुण्यातल्या एका दुकानातून ते पक्क्या बिलावर 32 हजार 800 रुपयांना घेतलं. घेणारी माझी मावसबहीण. ती आर्किटेक्ट आणि इंटिरिअरवाल्यांना ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घरांची, दुकानांची रेंडर्स, म्हणजे खरी वाटणारी चित्रं करून देते. ओळखीच्या लोकांची मशिन्स असेंबल करून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम, त्यामुळे कधी घ्यायचं हे ठरवताना तिने मला बरोबर घेतलं. खरेदी तशी साधीच होती. पण त्या एका महिन्यात कार्डाच्या भावावर परिणाम करणाऱ्या इतक्या गोष्टी एकदम जुळून आल्या होत्या, की कुणी मला "कधी घेऊ?" असं विचारलं की मी अजूनही हेच उदाहरण देतो.

आधीची परिस्थिती

तिच्या मशीनमध्ये जीटीएक्स 1050 टीआय होतं. 2016 मध्ये बाजारात आलेलं, 4 जीबी मेमरीचं, वेगळी पॉवर केबलही न लागणारं कार्ड. शिकताना ते पुरलं. पुढे कामं यायला लागली तसं अडायला लागलं. एका दिवाणखान्याचं दृश्य घ्या: सोफ्याचं कापड, लाकडी पॅनेलिंग, गालिचा, दोन-तीन कुंड्या. यातल्या प्रत्येकाचं टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागाचं चित्र, चांगल्या रेझोल्यूशनचं घेतलं की 4 जीबी केव्हाच भरतात. मग एकतर रेंडर मध्येच मेमरी संपल्याची सूचना देऊन थांबतं, नाहीतर काम प्रोसेसरवर टाकावं लागतं आणि एका चित्राला रात्र जाते. ती कच्ची चित्रं घरी काढायची आणि शेवटची, मोठ्या आकाराची चित्रं पैसे भरून ऑनलाइन रेंडर फार्मवर, म्हणजे भाड्याच्या संगणकांवर पाठवायची. सुरुवातीला हा खर्च महिन्याला हजार-दीड हजार होता.

3060 बाजारात आलं 25 फेब्रुवारी 2021 ला. अमेरिकेत जाहीर किंमत 329 डॉलर, भारतात 29 हजार 500 रुपयांपासून पुढे. मेमरी 12 जीबी. तिच्या कामासाठी जणू मापून शिवलेलं कार्ड. पण त्या भावाला ते दुकानात मिळतच नव्हतं. आम्ही विचारलं तिथे आकडा 50 हजारांच्या पुढे, आणि तोही कॉम्बोमध्ये. "मॅडम, सुटं कार्ड नाही देता येणार, बोर्ड आणि प्रोसेसरबरोबर घ्या," हे वाक्य तेव्हा सगळीकडे ऐकू यायचं.

कारणं सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्यांची मागणी, जगभर चिप्सची टंचाई, आणि इथेरियम नावाच्या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे संगणकाला आकडेमोडीला लावून ते चलन कमावणं. हे मायनिंग ग्राफिक्स कार्डांवर चालायचं आणि इथेरियमचा भाव चढत होता, म्हणजे कार्ड हे पैसे कमावणारं यंत्र झालं होतं. एनव्हिडियाने 3060 मध्ये मायनिंगचा वेग निम्म्यावर आणणारं बंधन घातलं होतं. पण मार्च 2021 मध्ये त्यांच्याच एका बीटा ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीत), 470.05 मध्ये, ते बंधन चुकून निघून गेलं. भावाला उतार लागण्याची एक आशा तिथेच गेली.

तेव्हा आम्ही घेतलं नाही. भाव खूप चढा होता हे एक कारण झालं, पण माझ्या मते ते दुय्यम. खरं कारण असं की महिन्याला हजार-दीड हजारात तिचं काम निभत होतं. 20-22 हजार रुपये जास्त देऊन वाचणार होते वर्षाचे पंधराएक हजार. हिशेबच बसत नव्हता.

ऑगस्ट 2022: प्रश्न पुन्हा उभा

दीड वर्षात दोन्ही बाजू बदलल्या.

बाजाराची बाजू अशी. नोव्हेंबर 2021 मध्ये 4 हजार 800 डॉलरच्या आसपास पोचलेलं इथेरियम जून 2022 मध्ये हजाराच्या आसपास येऊन आदळलं होतं. मायनिंगमध्ये वीजबिल सुटेल की नाही अशी अवस्था. नवीन कार्डं घेणारे मायनर गायब झाले, घरून काम करणारे ऑफिसला परतले, आणि टंचाईच्या काळात दिलेल्या मोठ्या ऑर्डरींचा माल आता गोदामात येऊन पडायला लागला. 8 ऑगस्ट 2022 ला एनव्हिडियाने तिमाहीचे आकडे वेळेआधीच जाहीर केले: 8.1 अब्ज डॉलर विक्रीचा अंदाज होता, झाली 6.7 अब्ज. साठून राहिलेल्या मालापोटी आणि संबंधित गोष्टींपोटी सुमारे 1.32 अब्ज डॉलरचा बोजा हिशेबात घेतला. कार्ड घेणाऱ्यासाठी यापेक्षा स्पष्ट खूण नाही. कंपनी स्वतः सांगते आहे की माल पडून आहे.

दुकानातही ते दिसत होतं. दुकानदार कॉम्बोचं नाव काढेनासे झाले. एकाच दिवशी तीन दुकानांत फोन केला तर तिन्हीकडे कार्ड हजर, तेही दोन-तीन ब्रँडमध्ये निवड करण्याइतकं. बातम्यांपेक्षा मी या फोनांवर जास्त विसंबतो. कार्ड सुटं मिळायला लागलं की भाव उतरणीला लागला असं धरून चालावं.

दुसरी बाजू तिच्या कामाची. आता दोन आर्किटेक्ट नियमित कामं देत होते, त्यातल्या एकाला वॉकथ्रू, म्हणजे घरातून फिरवून आणणारा व्हिडिओ हवा असायचा. वॉकथ्रूत सेकंदाला 24 चित्रं. रेंडर फार्मचा खर्च महिन्याला सहा हजारांच्या घरात गेला होता. शिवाय क्लायंटने "भिंतीचा रंग जरा फिका करा" म्हटलं की परत अपलोड, परत रांग, परत पैसे.

म्हणून तिने "दादा, अजून थांबू का? सगळे म्हणतायत की सप्टेंबरनंतर कार्डं कवडीमोलाने मिळतील," असं विचारलं तेव्हा मी आधी फार्मची बिलं काढायला लावली. थांबण्याची किंमत महिन्याला सहा हजार. भाव उतरण्याची जी काही आशा असेल ती या आकड्याला ओलांडून जायला हवी. ही एक ओळ कागदावर आली की निम्मी चर्चा आपोआप मिटते.

भावाची मोजपट्टी

दुकानदार सांगतो तो भाव बरा की वाईट, हे ओळखायला माझी एक मोजपट्टी आहे. अमेरिकेतली जाहीर किंमत डॉलरमध्ये घ्यायची. तिथे त्यात विक्रीकर धरलेला नसतो. तिला त्या दिवशीच्या डॉलरच्या दराने गुणायचं आणि वर 18 टक्के जीएसटी लावायचा. येणारा आकडा हा भारतातला साधारण तळ. त्यावर वितरक आणि दुकानदार यांचे मिळून पाच ते दहा टक्के गेले तर भाव रास्त. पंधरा-वीसच्या वर गेले तर कुठेतरी टंचाई आहे किंवा कुणीतरी आपल्याला गिऱ्हाईक करतंय.

3060 ला हे लावून पाहू. फेब्रुवारी 2021 मध्ये डॉलर 73 रुपयांच्या आसपास. 329 गुणिले 73 गुणिले 1.18 म्हणजे सुमारे 28 हजार 300. भारतातली जाहीर किंमत 29 हजार 500 होती, म्हणजे मोजपट्टी बरोबर बसते. ऑगस्ट 2022 मध्ये डॉलर 80 ला टेकला होता. तोच हिशेब आता सुमारे 31 हजारांवर जातो. कार्ड तेच, दीड वर्ष जुनं झालेलं, तरी नुसत्या रुपयाच्या घसरणीने त्याचा तळ 2 हजार 700 रुपयांनी वर सरकला होता. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून "तिकडे तर भाव कोसळलेत" म्हणणाऱ्यांच्या लक्षात हे येत नाही.

आणखी एक गोष्ट त्या व्हिडिओंमध्ये झाकली जायची. कोसळत होती ती मुख्यतः बडी कार्डं. मार्च 2022 च्या अखेरीस 1 हजार 999 डॉलरला आलेलं 3090 टीआय काही महिन्यांत शेकडो डॉलरने उतरलं. 3060 सारखं मधल्या वर्गातलं कार्ड मात्र अमेरिकेतही आपल्या जाहीर किमतीच्या खाली जायला तयार नव्हतं. त्याला रोजचं गिऱ्हाईक होतं.

आमच्या ओळखीच्या दुकानात ऑगस्टमध्ये भाव होता 35 हजारांच्या थोडा वर. म्हणजे तळापेक्षा तेराएक टक्के जास्त. लुटणारा नव्हे, पण थोडा रेटून खाली आणता येईल असा.

चार गोष्टींची वाट

त्या महिन्यात लोक चार गोष्टींसाठी थांबले होते आणि चारही एकाच पंधरवड्यात येत होत्या. पितृपक्ष होता 10 ते 25 सप्टेंबर. 15 ला इथेरियमचा 'मर्ज', 20 ला एनव्हिडियाची नव्या पिढीची घोषणा, 23 पासून ऑनलाइन दुकानांचे सणाचे सेल, आणि या सगळ्यावर रुपयाची टांगती तलवार. प्रत्येकीला आम्ही एकच प्रश्न विचारला: हिच्यामुळे 12 जीबीचं, 35 हजारांच्या आतलं, नवं कार्ड नक्की किती स्वस्त होईल?

मर्जवर सगळ्यांची भिस्त होती. इथेरियम आपली पद्धतच बदलणार होतं, कार्डांवरचं मायनिंग एका दिवसात बंद. ही गोष्ट वर्षानुवर्षं पुढे ढकलली जात होती, म्हणून आधी मी तिला हिशेबातच धरलं नव्हतं. ऑगस्टच्या मध्याला चाचण्या पार पडून सप्टेंबरच्या मध्याचा मुहूर्त पक्का झाल्यावर धरलं. पण मुहूर्त पक्का झाला म्हणजेच सगळ्या जगाला कळला. जी घसरण व्हायची ती बरीचशी आधीच होऊन गेली होती. सगळ्यांना ठाऊक असलेल्या तारखेला भाव एकदम पडत नाही. तो आधीपासून झिरपत उतरतो. मर्जनंतर बाजारात ओतली जाणार होती ती मायनिंग केलेली जुनी कार्डं, आणि त्यांचा विचार वेगळा करायला हवा होता.

20 सप्टेंबरच्या घोषणेबाबत मला इतिहासावरून जवळजवळ खात्री होती. एनव्हिडिया वरून खाली येते. आधी बडी कार्डं, मग महिन्यांनी मधल्या वर्गातली. (नावातले पहिले दोन आकडे पिढी सांगतात, शेवटचे दोन वर्ग.) 2080 आलं सप्टेंबर 2018 मध्ये, 2060 जानेवारी 2019 मध्ये. 3080 सप्टेंबर 2020 मध्ये, 3060 पुढच्या फेब्रुवारीत. तेव्हा 4080-4090 जाहीर झाली तरी तिच्या बजेटमधलं 4060 पुढच्या वर्षाशिवाय येणार नव्हतं. एवढे महिने महिना सहा हजार भरत बसायचं?

इथे एक भीती उलट बाजूची होती आणि ती रास्त होती. 1 सप्टेंबर 2020 ची घोषणा आठवा. 499 डॉलरचं 3070 हे हजार डॉलरच्या वरच्या 2080 टीआयच्या तोडीचं असेल असं सांगितलं गेलं आणि 2080 टीआयवाल्यांनी घाबरून आपली कार्डं निम्म्या भावात फुंकून टाकली. मग नवी कार्डं कुणाला मिळेचनात, आणि विकणारे महिनोन्महिने कार्डाशिवाय बसले. ज्यांनी त्या दोन-तीन दिवसांत जुनं 2080 टीआय उचललं त्यांनी पुढची दोन वर्षं सुखात काढली. मग 2022 मध्येही घोषणेनंतर बाजार असा उलटेल का? मला तसं वाटलं नाही, कारण गोदामं भरलेली होती. 2020 मध्ये घोषणा झाली तेव्हा मागे माल नव्हता. 2022 मध्ये मालच जास्त झाला होता. घोषणा वरकरणी सारखी दिसली तरी तिच्यामागे साठा किती आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

सेलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मोबाइल आणि टीव्हीवर सूट घसघशीत असते. ग्राफिक्स कार्डावर बँकेच्या कार्डाची सूट मिळते, पण ठरावीक रकमेपर्यंतच. शिवाय काही विक्रेते मूळ भावच चढा ठेवतात. पाहायला हरकत नाही, त्यासाठी थांबायला मात्र हरकत आहे.

राहिला रुपया. तो आपल्या बाजूने वळेल असं मानण्याला काहीच आधार नव्हता.

चारही गोष्टींची गोळाबेरीज अशी झाली: 20 तारखेच्या घोषणेपर्यंत थांबावं, कारण ती जवळ आहे आणि तिच्या दडपणाखाली जुना माल काढायची दुकानदारांना घाई होऊ शकते. त्यापुढे थांबायला कारण नाही. कागदावर दोन ओळी लिहून ठेवल्या. पहिली: नवं 3060, 12 जीबी, पक्क्या बिलासकट 33 हजार किंवा कमी झालं की त्याच दिवशी घ्यायचं. दुसरी: सर्वपित्री अमावास्येपर्यंत तो भाव आला नाही तर असेल त्या भावाला घ्यायचं.

ही दुसरी ओळ मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. नुसता भाव ठरवून थांबणारे लोक मी वर्षानुवर्षं थांबलेले पाहिले आहेत. भाव त्यांच्या आकड्यापर्यंत येतो तेव्हा पुढची पिढी तोंडावर आलेली असते, आणि मग ते तिची वाट पाहायला लागतात.

कोणतं कार्ड, आणि जुनं का नाही

वेळेचा प्रश्न वस्तूपासून वेगळा करता येत नाही, म्हणून हेही सांगतो. 3060 टीआय हे 3060 पेक्षा चांगलंच वेगवान आहे, पण मेमरी 8 जीबी. तिचं दुखणं मेमरीचं होतं, म्हणून ते बाद. एएमडी या दुसऱ्या कंपनीचं आरएक्स 6600 तेव्हा बरंच स्वस्त होतं आणि गेम खेळणाऱ्या मुलाने विचारलं असतं तर मी त्याला ऑगस्टमध्येच ते घ्यायला सांगितलं असतं, मर्जची वाट न पाहता. ब्लेंडरचं गणित वेगळं. तिथे एनव्हिडियाचं ऑप्टिक्स हे तंत्र प्रकाशकिरणांचा हिशेब कार्डावरच्या खास भागाकडून करून घेतं. एएमडी कार्डांना ब्लेंडरमध्ये तेव्हा ती सोय नव्हती.

जुन्या कार्डांचा मोह मोठा होता. मर्जच्या आठवड्यात ओएलएक्सवर आणि टेलिग्रामच्या गटांवर 3070, 3060 टीआय यांचा पूर आला. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड असं मी मानत नाही. शहाणा मायनर विजेचा वापर कमी करून, एका स्थिर तापमानात कार्ड चालवतो. चिपला त्याने फारसं काही होत नाही. झिजतात ते पंखे, आणि सतत तापणारी मेमरी व तिची उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड. एक कार्ड आम्ही प्रत्यक्ष पाहायला गेलो. बॅकप्लेटच्या, म्हणजे कार्डामागच्या पत्र्याच्या, कडेने बोट फिरवलं तर तेलकट लागलं. पॅडमधलं सिलिकॉन तेल पाझरून बोर्डावर उतरलं होतं. एका पंख्याला हाताने फिरवलं की तो अडखळत थांबायचा. स्क्रूवरचं वॉरंटीचं स्टिकर फाटलेलं. विकणारा मुलगा चांगला होता, काही लपवत नव्हता, भावही कमी करायला तयार होता. पण तिच्यासाठी कार्ड म्हणजे रोजीरोटी. महिन्याच्या मध्यात ते बंद पडलं तर क्लायंटला काय सांगणार? नव्या कार्डाला तीन वर्षांची वॉरंटी होती. हौसेच्या मशीनसाठी मी कदाचित ते उचललं असतं.

ऑगस्टमध्येच उरकलेलं काम

कार्डाची वाट पाहत असताना बाकीचं थांबवायचं कारण नव्हतं. 1050 टीआय मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच लागणारी वीज घ्यायचं. 3060 ला 170 वॉट आणि वेगळी केबल लागते. तिच्या कॅबिनेटमध्ये होता तो कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), ज्याच्या स्टिकरवरच्या आकड्यावर मी पंखासुद्धा चालवणार नाही. चांगल्या कंपनीचा 650 वॉटचा एसएमपीएस गणपतीच्या आधीच घेतला. त्याचे भाव कार्डांसारखे झोके खात नाहीत, त्यामुळे त्यासाठी मुहूर्त पाहावा लागत नाही. रॅमही 16 ची 32 जीबी केली. कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावते का हे टेपने मोजून घेतलं. ज्या दिवशी कार्ड येईल त्या दिवशी रात्री रेंडर सुरू व्हायला हवं, एवढाच हेतू. बरेच लोक कार्डावर सगळं बजेट लावतात आणि मग एसएमपीएससाठी पुढच्या पगाराची वाट पाहतात.

खरेदी

20 सप्टेंबरला रात्री साडेआठला घोषणा झाली. 4090 ची किंमत 1 हजार 599 डॉलर. 4080 दोन प्रकारांत, 899 आणि 1 हजार 199 डॉलर. त्यातलं 899 वालं नंतर टीका झाल्यामुळे मागेच घेतलं गेलं. मधल्या वर्गासाठी काहीच नाही. उलट 3060 आणि त्याची भावंडं यापुढेही विकली जातील हे कंपनीने स्वतःच दाखवलं. नव्या कार्डांचे भाव ऐकून ज्यांनी "4070 साठी थांबू" म्हटलं होतं ते दुसऱ्या दिवसापासून जुन्या पिढीची चौकशी करायला लागले असणार, असा माझा अंदाज होता. म्हणून पुढे रेंगाळण्यात धोका होता.

23 तारखेला रुपयाने 81 चा आकडा ओलांडला. 24 ला, शनिवारी, आम्ही दुकानात गेलो. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणू नये असं मानणारे आपल्याकडे पुष्कळ, त्यामुळे दुकान शांत. मावशीलाही दोन दिवस थांबून घटस्थापनेला घ्यावं असं वाटत होतं. तिला आम्ही समजावलं की पैसे आज भरतो, मशीनची पूजा दसऱ्याला करू. दुकानदाराने भाव 34 हजार 500 सांगितला. मी म्हटलं, "नवा माल 81 च्या डॉलरने येणार हे मला मान्य आहे, पण हा बॉक्स तुमच्याकडे ऑगस्टपासून आहे." बॉक्सवर धूळ होती, तोही हसला. घासाघीस होऊन 32 हजार 800 ला सौदा झाला, बिल आणि जीएसटीसकट. मोजपट्टीच्या तळापेक्षा चार-पाच टक्के वर. तिचा व्यवसाय जीएसटीत नोंदलेला नव्हता. सेवा देणाऱ्याला वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत ती सक्ती नाही. नोंदलेला असता तर बिलावर जीएसटी क्रमांक घालून हा 18 टक्के कर वळता करून घेता आला असता, आणि मग भावाचं सगळं गणितच बदललं असतं. व्यवसायासाठी घेणाऱ्याने हे आधी पाहावं.

काउंटरवरच बॉक्स उघडला. बॉक्सवरचा, कार्डाच्या मागचा आणि बिलावरचा सिरियल नंबर तिन्ही जुळवले. सोन्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे स्लॉटमध्ये बसणाऱ्या दातांवर, ओरखडे नाहीत हे पाहिलं. एकदाही बसवलेलं कार्ड असेल तर तिथे बारीक रेघा दिसतात. पंख्यांवरची प्लास्टिकची फिल्म जागेवर होती. घरी आल्यावर तिचं सगळ्यात जड दृश्य रात्रभर चालवलं. सकाळी तापमान ठीक, एकही चित्र अडलेलं नाही.

नंतर काय झालं

त्या ऑक्टोबरपासून फार्मचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. वीजबिल थोडं वाढलं, नगण्य. म्हणजे कार्डाचे पैसे साधारण सहा महिन्यांत फिटले.

भावाचं सांगायचं तर 3060 पुढेही उतरत राहिलं. 2023 च्या मध्याला ते आम्ही दिलेल्या किमतीपेक्षा काही हजारांनी स्वस्त मिळत होतं. आम्ही तळ गाठला नव्हता, गाठायचा प्रयत्नही केला नव्हता. ते काही हजार वाचवण्यासाठी नऊ महिने थांबलो असतो तर फार्मला पन्नास हजारांच्या वर गेले असते. आणि 4060 कधी आलं? 29 जून 2023 ला, 299 डॉलरला. वेगात 3060 पेक्षा सरस, वीजही कमी खाणारं, पण मेमरी 8 जीबी. जिची वाट पाहिली असती ती वस्तू तिच्या कामाला उपयोगीच पडली नसती.

तिचा एक वर्गमित्र गेमिंगसाठी कार्ड शोधत होता, तो थांबला आणि 2023 मध्ये घेतलं. त्याचंही बरोबरच होतं. त्याच्याकडे चालणारं कार्ड होतं आणि थांबण्याची किंमत शून्य होती.

तीच कसोटी 2025 च्या डिसेंबरात

तीन वर्षांनी तिचा पुन्हा फोन आला. आता दृश्यं 12 जीबीतही मावेनाशी झाली होती, हवं होतं 16 जीबी. पाहिलं ते आरटीएक्स 5060 टीआय, 16 जीबी, जाहीर किंमत 429 डॉलर. त्या वेळी बाजार 2022 च्या नेमका उलट दिशेने निघाला होता. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केल्यामुळे रॅमचे भाव काही महिन्यांत भडकले होते. 3 डिसेंबर 2025 ला मायक्रॉनने आपला क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच दिवशी रुपयाने डॉलरमागे 90 ची पातळी ओलांडली. ग्राफिक्स कार्डावरची मेमरीही त्याच मोजक्या कंपन्यांकडून येते. तेव्हा 16 जीबीची कार्डं आधी महागणार हे उघड होतं. 22 सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले तेव्हा टीव्ही आणि एसी स्वस्त झाले होते, पण ग्राफिक्स कार्ड आधीच 18 टक्क्यांत होतं, तिथेच राहिलं. त्यामुळे त्या बाजूनेही थांबण्यात अर्थ नव्हता.

मोजपट्टी लावली: 429 गुणिले 90 गुणिले 1.18 म्हणजे साडेपंचेचाळीस हजार. दुकानात जुन्या साठ्यातलं कार्ड त्याच्या जवळपास मिळत होतं. या वेळी तारीख वगैरे काही लिहिली नाही. मी तिला म्हटलं, "उद्याच घे." ती संध्याकाळीच घेऊन आली.

3060 विकू का असं तिने विचारलं. नको म्हटलं. वॉरंटी सप्टेंबरात संपली होती, भाव फारसा आला नसता, आणि ब्लेंडरमध्ये चित्रं रेंडर करणाऱ्या सायकल्स या भागात दोन कार्डं एकत्र चालतात. मात्र दोघांची मेमरी एकमेकांत मिळत नाही. दृश्य प्रत्येक कार्डात स्वतंत्रपणे मावावं लागतं. म्हणून छोटी दृश्यं आता दोन्ही कार्डांवर जातात, आणि 12 जीबीच्या वरची फक्त नव्यावर. 650 वॉटच्या त्याच एसएमपीएसवर दोन्ही चालतायत. नवं 180 वॉटचं, जुनं 170 चं, प्रोसेसर धरून भार 500 च्या आतच राहतो. फक्त दुसऱ्या कार्डाला हवा नीट मिळावी म्हणून कॅबिनेटला समोरून एक पंखा वाढवावा लागला.